पाच वाजताची भूक: आलुबोंडा, कच्चा चिवडा की तुरीच्या शेंगा?

दुपारचं जेवण बारा-एकला, रात्रीचं आठ-नऊला. मध्ये सात-आठ तास जातात, तेव्हा पाच वाजता भूक लागणं हा चटोरपणा नाही. ती चहावर मारली तर रात्री एक भाकर जास्तच जाते. म्हणून खायचं नक्की. निवडताना दोनच गोष्टी पाहा. जेवणापर्यंत पोट धरतं का, आणि जिभेला हवं ते तिखट, गरम किंवा कुरकुरीत मिळतं का. दुसरी गोष्ट सुटली की चार दिवसांत माणूस पुन्हा ठेल्यासमोर उभा.

आलुबोंडा-रस्सा गरमही आहे अन् तिखटही, चवीत त्याला तोड नाही. पण दोन आलुबोंड्यांत साधारण 350 ते 400 कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम पाच-सहा ग्रॅम. वरून कढईतलं तेल सकाळपासून तेच. सोडवत नसेल तर आठवडी बाजाराच्या दिवशी एक खा आणि रस्स्यावरची तर्री चमच्यानं बाजूला करा. पुडीतली शेव मात्र रोजच्या यादीतून काढाच: 30 ग्रॅममध्ये 160 च्या आसपास कॅलरी, मीठ भरपूर, आणि पुडी अर्धी खाऊन कोणी ठेवत नाही.

रोजच्यासाठी कच्चा चिवडा बरा, पण नेहमीच्या प्रमाणात नाही. मुरमुरे हलके म्हणून लोक पातेलंभर खातात. वजनाला वजन धरलं तर मुरमुरे आणि फुटाणे यांच्या कॅलरी जवळपास सारख्याच. फरक प्रथिनांचा आहे. 30 ग्रॅम मुरमुऱ्यांत ती दोन ग्रॅम, तेवढ्याच फुटाण्यांत सहा. नुसते मुरमुरे खाल्ले की तासाभरात पुन्हा भूक लागते ती यामुळे.

दोघांसाठी मुरमुरे दोन वाट्या, सालासकट फुटाणे एक वाटी, भाजलेले फल्लीदाणे (शेंगदाणे) दोन मोठे चमचे, एक कांदा, एक हिरवी मिरची, मूठभर सांबार (कोथिंबीर), अर्धं लिंबू आणि फल्लीचं तेल एक छोटा चमचा. माणशी 250 कॅलरी आणि दहा ग्रॅम प्रथिनं होतात. क्रम चुकला की चिवडा लगदा होतो, कारण मीठ लागलं की कांदा पाणी सोडतो. आधी तेलात तिखट-मीठ कालवून ते मुरमुऱ्यांना चोळा, मग फुटाणे आणि दाणे टाका. कांदा, मिरची, सांबार, लिंबू अगदी ताटलीत घेताना. पावसाळ्यात मुरमुरे मऊ पडतात. कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता आणि पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरले तर वाफेनं पुन्हा मऊ. भट्टीवरचे फुटाणे एकदा चाळून घ्या, वाळूचा खडा दाताखाली येतो. आणि फल्लीदाणे मोजूनच: दोन मोठे चमचे म्हणजे 115 कॅलरी, पन्नीतून बोलता बोलता खाल्ले तर हिशोब राहत नाही.

डिसेंबर-जानेवारीत मात्र उकडलेल्या तुरीच्या शेंगांपुढे कशाचंच चालत नाही. 100 ग्रॅम हिरव्या सोल्यांत (शेंगेतल्या ओल्या दाण्यांत) सात ग्रॅम प्रथिनं, कॅलरी 135 च्या घरात आणि तेल शून्य. अर्धा किलो भरलेल्या हिरव्या शेंगा दोघांना पुरतात. बारीक भोक दिसलेली शेंग बाजूला काढा, आत अळी असते. शेंगा बुडतील एवढं पाणी गंजात (पातेल्यात) घ्या, दीड चमचा मीठ टाका आणि उकळी आल्यावर झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं शिजवा. मीठ पाण्यातच हवं; वरून भुरभुरलं तर सालीवरच राहतं आणि दाणा अळणी लागतो. कुकरमध्ये एकच शिट्टी, जास्त झाल्या की शेंगा फुटून सोले पाण्यात उतरतात. पिवळी पडलेली शेंग कितीही शिजवा, दाणा टणकच राहतो. आणखी एक फायदा: एकेक शेंग सोलून खावी लागते, त्यामुळे बकाबका खाणं जमतच नाही.

हंगाम संपला की बरबटीच्या (चवळीच्या) घुगऱ्या. सकाळी भिजत घाला, संध्याकाळी दोन-तीन शिट्ट्या, चौघांना मिळून एक चमचा तेलाची फोडणी. लवकर शिजावी म्हणून सोडा टाकू नका, बरबटी गिळगिळीत होते आणि त्यातलं ब-1 जीवनसत्त्व जातं. अडचण एकच: सकाळी आठवण राहायला हवी.

भंडारा-गोंदियाकडचे उकडलेले शिंगाडे आलूसारखेच पिठाळ असतात, पण तळलेले नसतात, पाच-सहा चालतील. गोडाची ओढ असेल तर पेरू संत्र्यापेक्षा जास्त वेळ पोट धरतो, त्यात चोथा जास्त. संत्र्याचा रस काढू नका, फोडी खा.

फुटाण्यांनी पोट फुगत असेल तर चिवड्यात ते अर्धी वाटीच घ्या. बरबटी भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात शिजवा. काहीही निवडलं तरी साडेपाचच्या आत खाऊन घ्या, सातला खाल्लं तर रात्रीची भाकर ताटात तशीच राहते आणि दहाला पुन्हा डबे उघडले जातात.