वर्षाचं भरायचं की महिन्याचं आणायचं? खान्देशातल्या घराचा हिशेब

भाची लग्न होऊन भुसावळला गेली. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, दोघंही नोकरीवर. होळी झाली तसा तिचा फोन आला. "मावशी, सासूबाई म्हणताहेत वर्षाचे गहू-दादर भरून टाका. हे म्हणतात, खाली दुकान आहे, लागेल तसं आणू. तू सांग, भरल्याने खरंच पैसे वाचतात का?" (दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी.)

मी अमळनेरला संसार केला आणि मधली सात वर्षं जळगावात भाड्याच्या घरात काढली. वर्षाचं भरूनही पाहिलंय, महिन्याचं आणूनही पाहिलंय. काही जिनसांत वर्षाचं भरलं की चार पैसे नक्की राहतात, काहींत हातचे जातात. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे एकेक जिन्नस घेऊन सांगते. तुमच्याही घरी सध्या हाच विषय चालू असेल.

एक गोष्ट आधीच सांगते. वर्षाचं सामान उधारीवर किंवा क्रेडिट कार्डावर भरायचं असेल तर भरू नका. कार्डाची थकबाकी ठेवली की महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज लागतं, आणि धान्यात एवढं कधीच सुटत नाही. पैसे हातात असतील, भिशी लागली असेल, बोनस आला असेल, तरच पुढे वाचा. आणि रेशनकार्डावर प्राधान्य गटात नाव असेल तर महिन्याला माणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं. ते आधी वजा करा, मग उरलेल्याचा विचार करा.

गहू आणि दादर

आमच्या चार माणसांना वर्षाला दीड क्विंटल गहू, एक क्विंटल दादर आणि अर्धा क्विंटल तांदूळ लागतो. म्हणजे महिन्याला २५ किलो धान्य. हंगामात माल बाजारात येतो तेव्हा भाव खाली असतो, दिवाळीनंतर तो चढू लागतो. सगळी बचत या फरकात आहे. २०२५ च्या हंगामात गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. निवडक लोकवन जातीचा गहू त्याहून महागच मिळतो.

आता हिशेब करून बघा. समजा हंगामात ३,२०० रुपये क्विंटलने दीड क्विंटल गहू घेतला. दुकानातून महिन्याला आणला असता तर वर्षभराची सरासरी ३८ रुपये किलो पडली असती. किलोमागे ६ रुपये, म्हणजे ९०० रुपये सुटले. त्यातून हमाली आणि रिक्षाचे दीडशे काढा. गव्हात ४,८०० रुपये अडकले. पण गहू महिन्या-महिन्याने संपत जातो, त्यामुळे सरासरी निम्मीच रक्कम अडकून राहते. ७ टक्के व्याज धरलं तर १७० रुपये. हातात राहिले पावणेसहाशेच्या आसपास.

पावणेसहाशे वाईट नाहीत. पण दीड क्विंटलातले १५ किलो जरी किडले तरी ४८० रुपये गेले आणि केलेली मेहनत वाया. म्हणून भाव किती उतरवून मिळाला यापेक्षा कोठीत धान्य कसं राहतं, हे मी आधी बघते.

हे मी स्वतः सोसून शिकले. जळगावात पहिल्याच वर्षी गच्चीवर गहू वाळत घातला होता. संध्याकाळी आभाळ भरून आलं. वळीव कोसळेल म्हणून घाईघाईने गोळा केला आणि तसाच गरम गहू कोठीत ओतून झाकण लावलं. श्रावणात कोठी उघडली तर आतून कोंदट, उबट वाफ तोंडावर आली. मूठभर हातात घेतला तर निम्मे दाणे पोकळ, हाताला पांढरं पीठ, आणि सोंडे मनगटावर चढायला लागले. गरम धान्याला कोठीत घाम सुटतो आणि त्या ओलीवर कीड वाढते. चाळीस किलो गहू गोठ्यात गेला. त्या रात्री मी जेवले नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा. आतला गहू गार आणि सुळसुळीत लागला पाहिजे. एक दाणा दाताखाली धरायचा. कट्कन तुटला तर वाळलेला, दबला तर अजून ओल आहे. दोन-तीन उन्हं द्यायची. आपल्याकडे वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, त्या उन्हाचा काही तरी फायदा घेतलाच पाहिजे. वाळल्यावर एक रात्र घरात पसरून पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मगच कोठीत भरायचा. कोठीखाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर, मधे मधे सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. रोज कोठी उघडायची नाही. पंधरा दिवसांचं धान्य एका डब्यात काढून ठेवायचं.

धान्यात ठेवायच्या त्या विषारी गोळ्या मात्र घरात आणू नका. ओल लागली की त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे त्याने जीव जातात आणि त्यावर उताराही नाही. कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी ऐकू नका. त्यापेक्षा दहा किलो धान्य किडलं तरी चालेल.

दादरचं गणित गव्हापेक्षा सरळ आहे. काळ्या जमिनीत, पावसाळ्यानंतरच्या ओलीवर येणारी ही रब्बीची ज्वारी. भाकरी गोड आणि पांढरी होते. गाव जवळ असेल तर थेट शेतकऱ्याकडून मिळते. इथे तुलना ज्वारीच्या तयार पिठाशी करायची. पाकिटातलं पीठ महाग पडतंच, शिवाय पावसाळ्यात लवकर कडवट होतं आणि मग भाकरी थापताना कडेने चिरते. दाणे घरात ठेवून पंधरा दिवसांचं दळून आणलं तर पैसेही वाचतात आणि ताटात ताजी भाकरीही येते. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी घरात होत असेल तर त्यासाठी लागणारे उडीद महिन्याचेच आणा, त्यांना भुंगा फार लवकर लागतो.

पाकिटबंद धान्याबद्दल एक माहिती बऱ्याच जणांना नसते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकिटबंद धान्यावर, डाळीवर आणि पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्यावर नाही आणि २५ किलोच्या वरच्या गोणीवरही नाही. बाजारात तांदळाच्या २६ किलोच्या गोण्या दिसतात त्या याचमुळे. महिन्याचंच आणायचं ठरलं तरी सुटं आणा किंवा मोठी गोणी दोघींत वाटून घ्या.

जागा कमी असेल तर मधला मार्ग आहे. आपल्याकडे जुन्या बायका चौमाशाची बेगमी करायच्या. तसं मृगाच्या आधी फक्त दिवाळीपर्यंतचं भरा. दोन माणसांना ५० किलो गहू आणि ३० किलो दादर पुरते, एका लहान कोठीत मावते.

तुरीची डाळ: तूर भरडावी की डाळ आणावी

यावर माझ्या जाऊबाईंचं आणि माझं एकमत होत नाही. त्या दरवर्षी तूर घेऊन भिजवतात, तेल चोळून वाळवतात, भरडतात, पाखडतात. डाळ चवीला उत्तम होते, त्यात वाद नाही. पण पैशांचं बघू. १० किलो तुरीची घरी साधारण ७ किलो डाळ पडते. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. त्या भावाने १० किलोचे ८०० रुपये. ८०० भागिले ७, म्हणजे नुसती तूरच डाळीच्या किलोमागे ११४ रुपयांना पडली. भरडाई वेगळी, चार दिवसांची मेहनत वेगळी. तयार सुटी डाळ १२० च्या आसपास मिळत असेल तर या खटपटीत काहीच हाती येत नाही.

तूर घरच्या शेतातली असेल तर जरूर भरडा, चुरी गोठ्यात कामी येते. विकतची असेल तर नको. जळगाव तर डाळ मिलांचं गाव. होलसेलातून पॉलिश न केलेली डाळ तीन महिन्यांपुरती घ्या, एक ऊन द्या, एरंडेलाचा हात फिरवा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरा.

तिखट

इथे मला शंका नाही. तिखट वर्षाचंच करा. नंदुरबार आणि दोंडाईचा ही मिरचीची गावं जवळ असताना शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं आणायची म्हणजे प्रत्येक वेळी पाकिटाचे, छपाईचे आणि दुकानदाराच्या नफ्याचे पैसे मोजायचे.

प्रश्न फक्त ओली लाल मिरची घ्यावी की वाळलेली. ओली मिरची वाळून पंचवीस-तीस टक्के उरते, म्हणजे साधारण चार किलोची एक किलो होते. म्हणून ओल्या मिरचीच्या भावाला चाराने गुणा आणि वाळलेल्या मिरचीच्या भावाशी ताडून बघा. फरक किलोमागे ३० रुपयांपेक्षा कमी असेल तर वाळलेलीच घ्या. मिरची वाळवताना आठ दिवस गच्चीवर जातात, आणि एखादी सर आली तर सगळी काळी पडते.

सगळी मिरची एकदम कांडू नका. निम्मी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी कांडपावर न्या, निम्मी अख्खीच ठेवून दिवाळीला. अख्ख्या मिरचीचा रंग टिकतो, पूड मात्र सहा महिन्यांत फिकी पडते आणि मग शेवभाजीला रंग यावा म्हणून आपण तिखट जास्त घालत राहतो. तिखटाच्या बरणीत तळाला आणि वर हिंगाचे खडे ठेवा.

तेल: घाण्याचं, डब्याचं की पाकिटाचं

घाण्याचं शेंगदाणा तेल पैसे वाचवायला म्हणून घेऊ नका. एका लिटरला अडीच ते तीन किलो दाणे लागतात. दाण्याचा भाव घालून बघितला की कळेल, पेंड परत घेतली तरी ते पाकिटापेक्षा महागच. चवीसाठी, ठेच्यावर आणि भरितावर कच्चं घालायला थोडं आणा. आमच्या घरी महिन्याला एक लिटर येतं.

रोजच्या तेलासाठी डबा आणि पाकीट यांची तुलना किलोने करा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर तेल असतं आणि १५ लिटरच्या डब्यात जेमतेम १३ किलो ६५० ग्रॅम. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. पाकिटांतही आता साडेआठशे आणि साडेसातशे ग्रॅमची पाकिटं लिटरवाल्यांच्या रांगेत असतात. पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती रुपये पडतात ते बहुधा छापलेलं असतं, तो आकडा बघा, पण ग्रॅमची तुलना ग्रॅमशीच करा. दोघांच्या घराला डबा नको. उघडलेला डबा चार महिने चालला की तळाचं तेल खवट होतं.

शेंगदाणे, रवा, पोहे, बेसन, खोबरं महिन्याचंच आणा. शेंगदाण्याला पावसाळ्यात ओल लागली की बुरशी येते. त्या बुरशीचं विष भाजल्या-तळल्यानेही पुरतं जात नाही आणि यकृताला घातक असतं. असे दाणे निवडत बसू नका, टाकून द्या.

बिबडे, कुरडया, पापड

घरी केलेले बिबडे (ज्वारीच्या चिकाचे पापड) किलोमागे स्वस्त दिसतात, कारण आपण मजुरी शून्य धरतो. पहाटे चारला उठून चीक शिजवायचा, दिवसभर उन्हात पाठ भाजून घ्यायची, वर सिलिंडर पंधरा दिवस आधी संपायचा. घरातल्या बाईच्या चार दिवसांना काहीच किंमत नाही असं धरलेला हिशेब मला मान्य नाही. गल्लीतल्या पाच-सहा जणी आळीपाळीने एकमेकींच्या घरी येत असतील, लाटता लाटता गाणी-गप्पा होत असतील, तर करा आणि आनंदाने करा. एकट्याने करायचं असेल तर बचतगटाच्या बायकांकडून घ्या. तेवढेच पैसे आणखी एका घराला मिळतात.

अंघोळीचा साबण, शाम्पू आणि टूथपेस्ट यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कपड्यांच्या पावडरीवर तो १८ टक्केच आहे. या वस्तू वर्षाच्या भरून काही वाचत नाही. घरात जास्त दिसल्या की हात सैल सुटतो आणि दोन महिन्यांची पावडर दीड महिन्यात संपते.

भाचीने शेवटी ५० किलो गहू, ३० किलो दादर आणि दोन किलो मिरची घ्यायचं ठरवलंय. डाळ आणि तेल दुकानातूनच येणार आहे. कोठी मी माझी लहानवाली देते आहे, झाकणाची कड थोडी वाकलीय तेवढी ठोकून घ्यायची आहे. वाळवायला घरमालकिणीची गच्ची लागेल, त्यांना तिने आत्ताच विचारून ठेवलंय. आखाजीच्या आधीच्या रविवारी मी जाणार आहे, पहिला दाणा दाताखाली धरून बघायला.