दंड, बक्षीस की सकाळची दहा मिनिटं?

मुलुंड-चेंबूरकडे पुनर्विकासाची कामं घेणारे ठेकेदार एकच प्रश्न विचारतात: माणसं हेल्मेट घालत नाहीत, सेफ्टी बेल्टचा हुक लावत नाहीत, मग दंड लावू की बक्षीस ठेवू? ठरवण्याआधी एकदा स्वतः परांचीवर चढून या. बेल्ट दिलाय पण हुक अडकवायला लाईफलाईनच (पक्का बांधलेला दोर) नाही, तर माणसाने तो लावायचा कुठे? ती आधी बांधा.

दंडाचा परिणाम लगेच दिसतो. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं, पण सेफ्टी ऑफिसरची फेरी संपेपर्यंतच. आठव्या मजल्यावर हुक लागलाय का, ते खालून दिसत नाही. शिवाय मजुरीतून कापायच्या दंडाला कायद्याने ३ टक्क्यांची मर्यादा आहे. कापण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं आणि ती रक्कम कामगारांच्याच हितासाठी वापरावी लागते. रोज ८०० रुपये आणि २६ हजेऱ्या धरल्या, तर महिन्याला फार तर ६२४ रुपये. एका चुकीला ५०० कापणारा दुसऱ्याच चुकीला कायदा मोडतो.

बक्षिसाने वातावरण हलकं होतं हे खरं, पण ते कशासाठी देता हे बघा. ‘महिनाभर अपघात नाही’ म्हणून अख्ख्या टोळीला बक्षीस देणं मला दंडापेक्षाही घातक वाटतं. एका साईटवर सेंट्रिंगच्या पोराच्या पायात खिळा घुसला होता. चाळीस जणांचं बक्षीस आपल्यामुळे बुडेल म्हणून तो तीन दिवस गप्प राहिला. पाय सुजल्यावर कळलं, धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलं नव्हतं. द्यायचंच तर धोका दाखवणाऱ्याला द्या. लिफ्टच्या डक्टवरची फळी सरकलीय असं जो सांगेल त्याला, त्याच दिवशी, सगळ्यांसमोर.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी सुरक्षेबद्दल दहा मिनिटं बोलण्याला लोक महाग म्हणतात. साठ माणसांचे मिळून दहा तास, म्हणजे आठ तासांची एक धरून सव्वा हजेरी, वरच्या हिशेबाने हजार रुपये. फरक दिसायला काही आठवडे जातात, पण माझा कौल यालाच. मात्र छापील कागद वाचून अंगठे घेणं म्हणजे बोलणं नव्हे. बंगालमधल्या मालदाचा फिटर आणि जालन्याचं जोडपं एकाच स्लॅबवर असतात. प्रत्येक टोळीशी तिच्या मुकादमाने तिच्या भाषेत, आजच्याच कामाबद्दल बोलावं. आणि मुकादम स्वतः हुक न लावता कडेला उभा राहिला, तर सकाळचं सगळं बोलणं तिथेच वाया जातं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ५०० कामगारांपासून पुढे सुरक्षा समिती सांगितली होती, त्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नकोत असं होतं. साईट लहान असली तरी दोन कामगारांना हे काम द्यायला कोण अडवतं?

नाक्यावरून रोज नवी माणसं आणत असाल, तर आठवड्यांची वाट बघता येत नाही. तिथे नियम कडकच हवा: हुक नाही तर वर चढायचं नाही, त्या दिवशी खालचं काम. हजेरी मात्र पूर्ण द्या. आणि दंड लावायचाच असेल, तर लाईफलाईन न बांधणाऱ्या पोटठेकेदाराच्या बिलातून कापा.