पुढचा पंतप्रधान कोण: बुकीला विचारायचं, एक्सचेंजला की सर्वेक्षणाला?

स्लाउला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला एक खोड लागली आहे. घराच्या कर्जाचा दर दोन वर्षांसाठी फिक्स करायचा की पाच, हा प्रश्न आला की तो आधी ब्रिटनचा पुढचा पंतप्रधान कोण याचे भाव बघतो. मी त्याला हसत नाही. नव्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने २३ सप्टेंबर २०२२ ला आणलेल्या मिनी-बजेटनंतर तिथल्या कर्जसंस्थांनी शेकडो गृहकर्ज योजना मागे घेतल्या होत्या, ते त्याने जवळून बघितलंय. त्याचा प्रश्न सरळ आहे: बुकी, सट्ट्याचं एक्सचेंज (जिथे खेळणारे एकमेकांशीच पैज लावतात) आणि पक्षसदस्यांचं सर्वेक्षण, यातलं बघायचं कोणतं?

बुकीचं आधी उरकतो. त्याचा भाव ६/४ असेल, म्हणजे चार लावले तर वर सहा जिंकायचे, तर शक्यता निघते ४० टक्के. पुढच्यांना २/१, ४/१, ७/१ आणि १०/१ धरा: म्हणजे ३३, २०, साडेबारा आणि ९. बेरीज करून बघा, ११५ च्या आसपास जाते. शंभरावरचे ते पंधरा टक्के म्हणजे बुकीचं दुकान. शिवाय बुकी लोकांचा ओढा बघूनही भाव हलवतो. नावाजलेल्या नेत्यावर गर्दी झाली की त्याचा भाव पडतो, म्हणजे शक्यता वाढलेली दिसते, मग त्याच्या मागे खासदार असोत वा नसोत.

एक्सचेंजवर समोर दुकानदार नसतो, दुसरा खेळणारा असतो. क्रिकेटच्या सट्ट्यात लगाई-खाई म्हणतात ना, तेच. एकाच नावापुढे दोन आकडे दिसतात, समजा २.५० आणि २.५२ (एक पौंड लावला तर मुद्दलासकट हातात येतील तेवढे). पहिल्यावर लावायचं, दुसऱ्यावर खायचं, म्हणजे त्या नावाविरुद्ध जायचं. फरक इतका बारीक असल्याने शक्यता जवळजवळ शुद्ध मिळते. एक्सचेंज आपलं कमिशन जिंकलेल्या रकमेतून साधारण २ ते ५ टक्के कापून घेतं. नुसतं वाचायचं असेल तर बुकीपेक्षा हेच बघा.

पण इथेही एक गोम आहे. यादीच्या तळाला असलेल्या, कधीही पंतप्रधान न होणाऱ्या माणसाला ३ टक्के शक्यता दिसते, ती कमी का होत नाही? कारण त्याच्याविरुद्ध एक पौंड कमवायला बत्तीसएक पौंड अडकवावे लागतात, आणि निकाल दोन वर्षांनी लागायचा असेल तर त्याहून जास्त बचत खातं देतं. कोण कशाला खाईल? म्हणून लांबच्या बाजारात तळाची नावं फुगलेली असतात. ती मी वाचतच नाही.

आता सर्वेक्षण. सत्तेतल्या पक्षाने मध्येच नेता बदलला तर देश मतदान करत नाही. हुजूर पक्षात खासदार चाळणी लावून दोघांना ठेवतात आणि मग सदस्य निवडतात. पंतप्रधान बोरिस जॉन्सन पायउतार होणार हे ठरल्यावर १३ जुलै २०२२ ला यूगव्ह या सर्वेक्षण संस्थेचं सदस्यांचं सर्वेक्षण आलं. त्यात पेनी मॉर्डंट समोरासमोरच्या लढतीत सगळ्यांना हरवत होत्या, आणि सट्टेबाजारातही त्या पुढे गेल्या. पण त्या आठवड्यात मतं होती खासदारांची. २० जुलैला ऋषी सुनक १३७, ट्रस ११३, मॉर्डंट १०५. आठ मतांनी बाहेर! सर्वेक्षणाचं काही चुकलं नव्हतं. ज्यांना विचारलं त्यांच्या हातात अजून काही आलंच नव्हतं. पुढे ते आलं तेव्हा सर्वेक्षणांनी ट्रस पुढे असल्याचं सांगितलं, आणि ५ सप्टेंबरला त्या ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ मतांनी जिंकल्या. आघाडी मात्र सर्वेक्षणांत दिसत होती तेवढी मोठी निघाली नाही.

लगेच ऑक्टोबरमध्ये ट्रसही पायउतार झाल्या, आणि तेच सर्वेक्षण रद्दी झालं. अर्ज भरायलाच १०० खासदारांचा पाठिंबा लागणार होता. २३ तारखेच्या रात्री बोरिस जॉन्सन यांनी माघार घेतली, दुसऱ्या दिवशी मॉर्डंट यांनी, आणि सुनक बिनविरोध. सदस्यांना कुणी विचारलंच नाही.

म्हणून मावसभावाला मी सांगितलं: आज मत कुणाच्या हातात आहे ते आधी बघ. सदस्यांच्या हातात असेल तर सर्वेक्षण, खासदारांच्या हातात असेल तर एक्सचेंज आणि वर्तमानपत्रांतल्या पाठिंब्याच्या याद्या. खुर्ची रिकामी व्हायच्या आधीचे भाव करमणूक म्हणून ठीक. आणि ती रिकामी होणार हे ठरल्यावरही भाव फसतात: २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर जॉन्सन आघाडीवर होते. ३० जूनला सकाळी त्यांचेच साथीदार मायकेल गोव्ह यांनी स्वतःची उमेदवारी जाहीर केली, दुपारी जॉन्सन शर्यतीबाहेर, आणि १३ जुलैला थेरेसा मे पंतप्रधान. ज्या चार माणसांना आतली गोष्ट माहीत होती, ती काय भाव लावून सांगणार होती?

वीस पौंड लावायचेच असतील तर कमिशन धरूनही एक्सचेंजवरच बहुतेक वेळा बरं पडतं, आणि ब्रिटनमध्ये जिंकलेल्या पैशावर कर नाही. मात्र नियमांचं पान वाच. काळजीवाहू पंतप्रधान ‘पुढचा’ धरला जातो की नाही, ते प्रत्येक ठिकाणी तपासावं लागतं. पुण्या-मुंबईतल्यांनी फक्त भाव बघावेत. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्याने भारतात बंद केलेत.

आणि कर्जाचं? एक्सचेंजने ऑगस्टमध्ये ट्रस येणार हे सांगितलं होतं. मिनी-बजेटचा भाव कुठेच नव्हता. मावसभावाने पाच वर्षांचा फिक्स घेतला.