काढलं नाही ना? मग उद्या येऊ दे

सरकारी कामगार कार्यालयात मालक-कामगारांचा समेट घडवतात, त्या सोयीबद्दल हे लिहितोय. आधीच सांगतो, मी मालकाच्या बाजूचा माणूस. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात २२ वर्षं हिशेब लिहितोय. २०२४ च्या पावसाळ्यात सरकारी कामगार कार्यालयातून समेटाची नोटीस आली, तेव्हा मालकांबरोबर फाइल घेऊन मलाच जावं लागलं.

भांडण साधं होतं. १४ वर्षं माग चालवणारा कामगार, मुकादमाशी वाजलं, मुकादम म्हणाला उद्यापासून येऊ नको. कागद काही नाही. आमच्याकडे काढताना कागद द्यायची पद्धत नाही, आणि खरं सांगायचं तर ठेवतानाही नाही. दोन महिने वाट बघून त्याने युनियनवाल्याला धरलं आणि साध्या कागदावर अर्ज दिला. फी शून्य.

पहिल्या तारखेला मालकांनी वकील आणला. पण समेटाच्या कामात वकील लावायचा हक्क कुणालाच नव्हता, तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच तसं होतं. ते बिचारे बाहेर बाकावर चहा पीत बसले. आत राहिली ती रोज एकमेकांची तोंडं बघणारी माणसं.

आमचं उत्तर ठरलेलं होतं, मीच लिहिलेलं: "आम्ही काढलंच नाही, तोच यायचा बंद झाला." समेट अधिकाऱ्यांनी ते वाचलं, चष्मा काढला. "काढलं नाही ना? मग उद्या येऊ दे की कामावर. तसं लिहून घेऊ." मालक माझ्याकडे बघायला लागले. मी फाइलकडे.

कामगार शहराच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागातला, चिडला की तेलुगूत शिरायचा. मालकांबद्दल तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. युनियनवाल्याने मराठीत सांगितलं, "त्याला फार वाईट वाटलंय साहेब." मला तेलुगू कळतं. मालकांनाही कळतं. दोघंही गप्प बसलो.

दुसऱ्या तारखेला साहेबांनी दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसवलं. मालक म्हणाले, काय तो हिशेब करून मोकळं करू. साहेबांनी अर्जाच्या झेरॉक्सच्या पाठीवरच आकडेमोड केली. मजुरी जेवढं काम तेवढी अशी असल्याने शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी घ्यायची. ती आली १३,०००. भागिले २६, गुणिले १५, गुणिले १४ वर्षं. नुसती ग्रॅच्युइटीच १,०५,०००. नोटिशीचा पगार वेगळा, कामावरून कमी केल्याची भरपाई वेगळी. मालकांनी कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाले, "बसवा त्याला मागावर."

तिसरी तारीख सगळी 'सेवा अखंड धरावी' या तीन शब्दांवर गेली. ते नसते तर त्याची १४ वर्षं पाण्यात. शेवटी अखंड सेवा, बुडालेल्या दिवसांची निम्मी मजुरी, आणि दुसरी पाळी, म्हणजे मुकादमही दुसरा. सह्या झाल्या. त्याने तेलुगूत केली.

चार स्टार देतो. पाचवा का नाही, तर साहेब हुकूम देऊ शकत नाहीत. आमचे मालक आकड्याला घाबरले म्हणून जमलं. एखादा अडूनच बसला असता तर अर्जापासून ४५ दिवसांनी कामगाराला थेट कामगार न्यायालयात जाता आलं असतं, पण तिथे वर्षं जातात. शिवाय या तीन तारखांना मला पगार चालू होता. त्याने तेवढ्यात दुसरीकडे रोजावर काम धरलं होतं, त्याचे मात्र तीन खाडे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. समेट तिच्यातही आहे, पण खाड्याचं दुखणं तिथेही तसंच राहणार असं दिसतंय.

कारखानदारांनी जाताना हजेरी पुस्तक न्यावं. आमचं नेलं होतं, पण त्याच्या नावापुढच्या दोन वर्षांच्या हजेऱ्या पेन्सिलीने मांडलेल्या, माझ्याच हाताने. साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं शिसं बघितलं आणि काही न बोलता पान उलटलं. हल्ली मी पेनाने लिहितो.