कान बंद की कान मोकळे?

उपवन तलावाकाठी धावताना मी दोन्ही प्रकारचे इयरफोन वापरलेत: रबरी टोपीचे, कानात घट्ट बसणारे, आणि कानाबाहेर राहणारे बोन कंडक्शनचे.

गाण्याची मजा पहिल्यातच. बोन कंडक्शन गालाच्या हाडातून कंपनं आतल्या कानापर्यंत पोचवतं, त्यात ढोलाचा घुमारा पातळ लागतो. पण येऊरच्या वळणावर कान बंद असताना मागून आलेली दुचाकी माझ्या कोपराला चाटून गेली. तेव्हापासून रस्त्यावर मी कान मोकळेच ठेवते. पाम बीच रोडच्या कडेने धावणाऱ्या माझ्या भाच्यालाही मी हेच बजावलंय.

जिममध्ये मात्र उलटं. तिथले स्पीकर इतके दणदणतात की मोकळ्या कानाने ऐकायचं तर आवाज वाढवत न्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल फक्त ४ तास. म्हणून तिथे टोपीवालेच, आवाज बेताचा.

घाम दोघांनाही मारतो. निदान आयपीएक्स ४, म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांना टिकण्याचा दर्जा, बघून घ्या.

फोन दंडाच्या पट्ट्यात ठेवला की घामाने घसरतो. कमरेचा पाऊच बरा. त्याहून छान म्हणजे चिमट्याचा छोटा एमपीथ्री प्लेअर: टी-शर्टला अडकवला की वजन जाणवत नाही आणि मध्येच ऑफिसचा फोनही येत नाही. पोहणाऱ्यांनी मात्र आतच गाणी साठवणारे वॉटरप्रूफ बोन कंडक्शन घ्यावेत, कारण पाण्याखाली ब्लूटूथ टिकत नाही.