डोळा हरवून येणारी सिंड्रेला

जुन्को मिझुनो या जपानी चित्रकर्तीच्या ‘सिंडेराला’ या मांगा (म्हणजे जपानी चित्रकथेच्या) पुस्तकातील नायिका वडिलांच्या याकितोरीच्या खानावळीत राबते. बांबूच्या काड्यांना टोचलेले कोंबडीचे तुकडे निखाऱ्यांवर भाजायचे आणि गिऱ्हाइके सांभाळायची, एवढेच तिचे जग आहे. वडील वारतात आणि काही काळाने झोंबी होऊन घरी परततात. तेही एकटे नव्हे, तर झोंबी बायको आणि तिच्या दोन मुलींसह. मेल्यानंतर माणसाने नव्याने संसार थाटावा, याचे या पुस्तकात कुणालाही फारसे नवल वाटत नाही आणि त्यातल्या विनोदाचे मर्म नेमके इथेच आहे. प्रेतांची भीती वाटण्याऐवजी घरात वाढलेल्या माणसांचे करायचे कसे, ही काळजी आधी उभी राहते, आणि कामाच्या रगाड्यात सापडलेल्या मुलीकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार!

राजपुत्र म्हणजे इथे लोकप्रिय झोंबी गायक. त्याला भेटायचे तर आपणही झोंबी व्हायला हवे, म्हणून सिंडेराला जादूने मध्यरात्रीपर्यंत मृतांच्या रूपात वावरते. पळून येताना तिच्या मागे बूट राहत नाही, तिचा डोळा राहतो. कल्पना किळसवाणी वाटेल. पण मिझुनोंच्या रेषेत तो डोळा मिठाईच्या दुकानातील रंगीत गोळीसारखा दिसतो, आणि वाचक शहारण्याच्या बेतात असतानाच त्याला हसू फुटते.

अशा पुनर्कथनांवर ‘निरागस गोष्टीची वाट लावली’ असा आक्षेप हमखास घेतला जातो. तो येथे टिकत नाही, कारण ही गोष्ट मुळात तितकी निरागस नव्हतीच. शार्ल पेरो यांच्या १६९७ सालच्या फ्रेंच कथेत काचेचा बूट आहे, भोपळ्याची बग्गी आहे आणि शेवटी बहिणींना क्षमाही आहे; डिस्नेच्या १९५० सालच्या चित्रपटाने हीच सौम्य वाट धरली. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथेत मात्र बुटात पाय बसावा म्हणून एक बहीण पायाचे बोट छाटते, दुसरी टाच कापते, आणि १८१९ च्या आवृत्तीत कबुतरे त्या दोघींचे डोळे फोडतात. ग्रिमच्या कथेत डोळे जातात ते शिक्षा म्हणून. मिझुनोंकडे डोळा निखळतो तो घाईगडबडीत, आणि पुढे तोच प्रेमिकेची ओळख पटवायच्या कामी येतो. क्रौर्यातली सूडबुद्धी काढून घेऊन त्यात खट्याळपणा भरणे, ही या पुस्तकाची खरी कमाई आहे. (तापलेल्या तव्याचा चटका बसणाऱ्या कावळ्याची गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाने तर फार दचकू नये.)

मांगा बहुतांशी कृष्णधवल असते; हे पुस्तक मात्र संपूर्ण रंगीत आहे. बाहुल्यांसारखे वाटोळे चेहरे, लांबलचक पापण्या, जाड बाह्यरेषा आणि गुलाबी-हिरव्या रंगांचा मुद्दाम केलेला भडकपणा यांमुळे पान पाहताच लहान मुलांच्या खेळण्याचे खोके आठवते, आणि त्या खोक्यात सडके मांस निघते. घाईने पाने उलटणाऱ्याच्या हाती यातले निम्मेच लागेल, कारण चौकटींच्या कोपऱ्यांत, भांड्यांवर, कपड्यांच्या नक्षीत बारीक थट्टा दडवलेली आहे.

कथानक मात्र चित्रांच्या तोडीचे नाही. प्रसंगामागून प्रसंग येतात, प्रेम पहिल्याच दृष्टिक्षेपात जडते, आणि राजपुत्राच्या वाट्याला देखणे दिसण्यापलीकडे फारसे काही येत नाही. मूळ परीकथेतही तो तसाच आहे, हे खरे. पण इतके सगळे उलटेपालटे करणाऱ्या लेखिकेने या बाहुल्यालाही थोडा जीव दिला असता तर बिघडले नसते. खानावळीची काळजी हा धागा त्या मानाने कितीतरी दमदार आहे आणि तो येतो तिथे पुस्तक रंगते.

जपानमध्ये २००० साली आलेल्या या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती व्हिज या प्रकाशनाने २००२ मध्ये काढली. याच मालिकेत ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ आणि ‘प्रिन्सेस मर्मेड’ ही आणखी दोन पुस्तके आहेत. पैकी दुसऱ्यात डॅनिश परीकथाकार अँडरसनच्या १८३७ सालच्या सोशिक जलपरीऐवजी पुरुषांना भुलवून खाणाऱ्या बहिणी आहेत आणि तिथला विषाद अधिक खोल उतरतो. हसण्यासाठी घ्यायचे असेल तर ‘सिंडेराला’, मनाला चरा पाडून घ्यायचा असेल तर जलपरी, अशी माझी शिफारस राहील. तिन्ही पुस्तके प्रौढांसाठीच आहेत. उघडी शरीरे आणि रक्त यांची त्यांत कमतरता नाही, त्यामुळे मुखपृष्ठावरील गोंडस चेहरा पाहून ती शाळकरी भाचीला वाढदिवसाची भेट म्हणून देऊ नयेत.