पांढऱ्या पाटीची कॅराव्हॅन आणि आमचे ८४,३९९ रुपये

आकडा आधीच सांगते, मागून सांगायला धीर होणार नाही. ८४,३९९ रुपये. पाच हप्त्यांत, माझ्याच फोनवरून, माझ्याच हातानं पिन टाकून. खातं कोणी हॅक केलं नाही, ओटीपी कोणी चोरला नाही. म्हणून जो तो मला एकच ऐकवतो, "पैसे तुम्हीच दिलेत ना?" हो, मीच दिले. पण गाडीसाठी दिले, आणि गाडी नव्हतीच.

कॅराव्हॅनने जैसलमेर फिरायचं हे कोणाला खूळ वाटेल, म्हणून कारण सांगते. नाताळात गोव्याबाहेर पडायचं हे आमच्या घरात दोन वर्षं चाललं होतं. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघे पार गेलेले, वाटेत वारंवार थांबावं लागतं. त्यांना मरायच्या आधी तनोट मातेचं दर्शन घ्यायचं होतं. १९६५ च्या युद्धात मंदिराच्या परिसरात पडलेले आणि न फुटलेले बॉम्ब तिथे ठेवलेत, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते. तनोट जैसलमेरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये नुसतं वाळवंट. बाईमाणसानं, तेही या वयात, तिथे काय करायचं? गाडीतच पलंग, गाडीतच शौचालय, चहा करायला शेगडी, हे मला चैन म्हणून नको होतं. सोय म्हणून हवं होतं.

२०२४ च्या गणेश चवथीनंतर फोनवर ती जाहिरात आली. क्रीम रंगाची गाडी, बाजूला निळा पट्टा, दाराच्या पायरीवर केशरी पायपुसणं, मागे वाळूच्या टेकड्या. सात दिवस, जोधपूरला गाडी घ्यायची, जोधपूरलाच सोडायची, स्वतः चालवायची. दिवसाला ६,५०० रुपये. इतर दोघांनी मला ११,००० आणि १२,५०० सांगितले होते. स्वस्त दिसलं म्हणून भुललात, असं जे म्हणतात त्यांना सांगते की मी सहा आठवडे तपास केला होता. करारनामा मागितला, आला. आधार कार्डाची प्रत मागितली, आली. माणूस प्रत्येक वेळी "खम्मा घणी दीदी" म्हणून बोलायला सुरुवात करायचा आणि सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. त्याला त्या गुडघ्यांची माहिती मीच दिली होती.

१४ सप्टेंबरला टोकन ५,००० भरले. २० ऑक्टोबरला भाड्याची उरलेली रक्कम ४०,५००. २ डिसेंबरला परत मिळणारं म्हणून डिपॉझिट २५,०००. ११ डिसेंबरला तनोट आणि लोंगेवालाचा "सीमा परवाना", माणशी ७८० प्रमाणे पाच जणांचे ३,९००. हे ३,९०० मला सगळ्यात जास्त डाचतात. तनोटच्या मंदिरापर्यंत आणि लोंगेवालाच्या युद्धस्मारकापर्यंत भारतीय नागरिकाला कसलाही परवाना लागत नाही. मंदिराच्या पुढे सीमेच्या चौकीकडे जायचं असेल तर लागतो. हे जैसलमेरच्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला फोन केला असता तरी कळलं असतं. मी केला नाही.

आता जिथे मला कळायला हवं होतं तिथे येते.

डिपॉझिट भरायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, व्हिडिओ कॉल करून गाडी दाखवा. त्यानं दाखवली. पलंग, शेगडी, नळाला पाणी, सगळं. मग गाडीला फेरी मारताना दोन सेकंद पुढची पाटी दिसली. पांढरी. माझा अकरा वर्षांचा मुलगा शेजारी बसला होता, तो म्हणाला, "आई, मामाच्या गाड्यांसारखी काळी पाटी नाही हिला." मी त्याला "गप्प बस, बोलू दे" म्हटलं.

माझ्या धाकट्या भावाच्या चार गाड्या कळंगुटला भाड्याने चालतात. काळी पाटी, पिवळी अक्षरं. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीला तीच पाटी लागते, चालकासकट दिली तर पिवळी पाटी आणि काळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्याने देणंच बेकायदा. हे गोव्यातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. दर हंगामात पांढऱ्या पाटीच्या गाड्या भाड्याने फिरवणाऱ्यांवरून भावाची भांडणं होतात, ती मी जेवताना ऐकलेली आहेत. बाहेरून येणाऱ्या मैत्रिणींना मी स्वतः बजावते, पांढऱ्या पाटीची गाडी घेऊ नका, पोलिसांनी अडवलं तर विमाही कामाला येणार नाही. आणि ती पाटी माझ्या समोर होती, माझ्या मुलानं ती बोट दाखवून दाखवली, आणि मी त्याला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी २५,००० पाठवले. त्या दोन सेकंदांवर मी आजही रात्री जागी राहते. राजस्थानात वेगळे नियम असतील, असं काहीतरी मनात आलं असावं. मोटार वाहन कायदा देशभर एकच आहे.

भावाला तेव्हाच विचारलं का नाही? कारण तो म्हणाला असता, कशाला हवी कॅराव्हॅन, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. घरात कोणाला या धंद्यातलं कळत असेल तर पैसे जायच्या आधी त्याला विचारा, तो कितीही टोचून बोलो.

बाकीच्या खुणाही होत्या, आता एकेक समोर येतात. पावतीवरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता. २७ म्हणजे महाराष्ट्र. राजस्थानचा ०८. माझ्या नवऱ्याच्या दुकानाच्या प्रत्येक बिलावर ३० आहे, म्हणजे गोवा, हे आम्ही रोज बघतो. क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला असता तर कोणाच्या नावावर आहे ते फुकट कळलं असतं. पैसे पाठवताना यूपीआयवर नाव दिसतं ना, ते पहिल्या चार वेळांत तीन वेगळी होती, आणि एकही करारनाम्यातलं नव्हतं. "हिशेबनीसाचं खातं आहे दीदी." मी मान्य केलं.

२२ डिसेंबरला गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबई आणि मुंबईहून जोधपूर. विमानतळाबाहेर पाच माणसं, सात बॅगा. फोन लावला तर गाडी निघाली आहे, पण जीपीएसचं कुलूप उघडायला ९,९९९ भरावे लागतील, गाडी सोडताना परत मिळतील. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग दीदी गाडी डेपोत परत जाईल आणि आधीचे पैसे करारानुसार जप्त होतील. करारात ते कलम खरंच होतं. ७४,४०० वाचवण्यासाठी ९,९९९ द्यायचे, असा हिशेब त्या उन्हात, सासूबाईंना बॅगेवर बसवलेलं असताना, मी केला. १२ वाजून ५२ मिनिटांनी पैसे गेले. एक वाजल्यापासून फोन बंद.

सव्वातीनपर्यंत आम्ही वाट बघितली. हे अडीच तास माझी दुसरी घोडचूक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन करायचा असतो. पैसे पुढच्या खात्यांत वळवायच्या आत कळवलं तर ते अडवता येतात. मी ३ वाजून २० मिनिटांनी केला, तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक मिळाला. त्यामुळेच शेवटचे ९,९९९ एका खात्यात गोठवले गेले. बाकीचे ७४,४०० केव्हाच निघून गेले होते.

आम्ही परत फिरलो नाही, यावरही लोक बोलले. परतीची तिकिटं २९ तारखेची होती, तनोट बघायचं होतं, मुलं रडत होती. टॅक्सी आणि हॉटेलांवर वेगळे ५२,६०० गेले, ते मी फसवणुकीत धरत नाही. दुसऱ्या दिवशी जैसलमेरचा सोनार किल्ला बघायला गेलो. रावळ जैसलनं ११५६ मध्ये बांधलेला, आजही आत घरं, देवळं, दुकानं, माणसं नांदतात. त्या भामट्यानं सात दिवसांचा कार्यक्रम लिहून पाठवला होता, तो इतका व्यवस्थित होता की त्यावरच माझा विश्वास बसला: पोखरण, गडीसर तलाव, पटवांची हवेली, बडा बाग, लोद्रव्याची जैन मंदिरं, ओस पडलेलं कुलधरा, समच्या टेकड्या, अकल गावचे दगड झालेले वृक्ष. त्यात दुसऱ्या रात्रीपुढे लिहिलं होतं, "सोनार किल्ल्याच्या आत कॅराव्हॅन मुक्काम". अखै पोल या किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरल्यावर मला रस्ता दिसला. दगडी चढ, दरवाजातून दरवाजात वळणं, रिक्षा समोरून आली की माणसांनी भिंतीला चिकटायचं. त्या वळणांतून आमच्या फोटोतली गाडी जाणं शक्यच नाही. हे वाक्य लिहिणाऱ्यानं जैसलमेर कधी बघितलेलंच नव्हतं. मी तिथेच एका पायरीवर बसले आणि पहिल्यांदा रडले. नवरा म्हणाला, मुलांसमोर नको. तनोटला सासूबाईंनी दर्शन घेतलं, बॉम्ब बघितले, आणि वाटेत टॅक्सीवाल्याला विनवून दोनदा वस्तीवर थांबलो. कॅराव्हॅनशिवायही झालं ते सगळं.

आता सरकारी कारभाराबद्दल. तिकडच्या पोलीस ठाण्यात आम्हाला दीड तास बसवलं आणि सांगितलं, पैसे गोव्यातल्या खात्यातून गेले, तक्रार गोव्यात करा. गोव्यात आल्यावर इथल्या ठाण्यात सांगितलं, गाडी जोधपूरला मिळणार होती, गुन्हा तिकडे घडला, तिकडे जा. मी विचारलं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो ना, कलम १७३? समोरचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" मी वकील नाही. ज्या बाईचे ८४,३९९ गेलेत ती आहे. तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्यांदा प्रिंटर बंद, तिसऱ्यांदा अर्ज घेतला आणि पोच द्यायला नकार. पोच मागायला चौथी खेप. एकानं तर मला वर विचारलं की एवढे पैसे होते तर हॉटेल का नाही केलं. चोर शोधायचा सोडून माझ्या घरखर्चाचा हिशेब मागणारे हे कोण?

बँकेचं आणखी वेगळं. पैसे गेले तो रविवार होता म्हणून शाखा बंद, हेल्पलाईनवर बावीस मिनिटं संगीत. नंतर शाखेत गेले तर लेखी उत्तर मिळालं की व्यवहार ग्राहकानं स्वतः पिन टाकून केलेला असल्यानं बँकेवर जबाबदारी येत नाही. तेव्हाचा नियम तसाच होता, ते मला आता ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेचं संरक्षण तुमच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांना होतं. पण ज्या खात्यांत पैसे गेले ती कोणाच्या कागदपत्रांवर उघडली, हे विचारल्यावर "ती माहिती देता येत नाही" हे मला मान्य नाही. खातं उघडताना माझ्याकडून सतरा कागद घेतात. त्या तिघांकडून काय घेतले?

आणि ते गोठवलेले ९,९९९. कुठल्या खात्यात आहेत ते कागदावर दिसतं. माझे आहेत हे सगळे मान्य करतात. पण सोडवायला न्यायालयाचा आदेश लागेल असं मला सांगितलं, आदेशासाठी पोलिसांचा अहवाल, आणि अहवालासाठी साहेब जागेवर लागतात. जानेवारीपासून मी सहा वेळा गेले आहे. पेट्रोल आणि बुडालेल्या रजा धरल्या तर त्यातले निम्मे गेलेच.

एक अजून, फार महत्त्वाचं. तक्रारीनंतर पंधरा दिवसांनी मला "रिफंड विभागा"तून फोन आला, त्याच्याकडे माझी रक्कम पैशापर्यंत बरोबर होती. क्यूआर पाठवला आणि स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फोन ठेवला. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर हे लोक पुढे देतात, फोन येणार हे धरूनच चाला. आणि कुठलीही भाड्याची गाडी ठरवताना नंबर मागून सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर टाका, गाडी कुठल्या वर्गात नोंदली आहे ते तिथे दिसतं. नंबर द्यायला कुरकुर केली तर तिथेच बोलणं संपवा.

भावाला मी फेब्रुवारीत सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं व्हिडिओ मागितला, माझ्याकडे कॉलचा नव्हता, जाहिरातीचा होता. त्यानं थांबवून थांबवून बघितला आणि म्हणाला, "ताई, इथेही दिसते की पाटी."

गेल्या आठवड्यात मुलानं मला तीच जाहिरात पुन्हा दाखवली. नाव बदललंय, जैसलमेरच्या जागी कच्छचं रण लिहिलंय, भाडं ५,९०० झालंय. निळा पट्टा तोच, पायरीवरचं केशरी पायपुसणं तेच, पांढरी पाटी तीच. मी तक्रार केली आहे, जाहिरात अजून चालू आहे.